तिसरी फेज आणि माझा सूड

३ मार्च, सकाळी

आजपासून सूड. रोज लिहायचं आणि सुवाच्य लिहायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, मनात कितीही राग असो, ओळ वाकडी जाता कामा नये.

कारण दीर. काल आला, चहा घेतला, वरून साखर मागितली आणि म्हणाला की वहिनी, मागच्या खोलीतलं दादाचं रंधा मशीन मी घेऊन जातो. तीन फेजचं मशीन, तुमच्या घरात एकच फेज, तुमच्याकडे ते नुसतं लोखंड.

हे गेल्यावर दोघा भावांच्या लाकडाच्या कारखान्याची वाटणी झाली. मशीन माझ्याकडे आलं, तीन फेजचं मीटर त्याने समोरच्या शेडमध्ये नेलं. म्हणजे चूल मला आणि विस्तव त्याला.

लोखंड म्हणे! दुपारी हे जेवायला यायचे तेव्हा केसांत लाकडाच्या कुरळ्या साली असायच्या. मी आधी त्या वेचायचे, मग पान वाढायचे.

म्हटलं, भाऊजी, महिनाअखेर ते इथेच चालवून दाखवते. नाही चाललं तर खुशाल घेऊन जा. चाललं तर ते इथेच राहील आणि तुम्ही पुन्हा या घराचा उंबरठा चढायचा नाही. बरं बरं, म्हणाला आणि हसला. हसून आणखी अर्धा कप मागितला. मी दिला. पण कानतुटक्या कपात.

(तोंडावर त्याला भाऊजी आणि तुम्ही. इथे नुसता तो. हाही सूडच.)

४ मार्च

प्लॅन तयार. फारच सोपा निघाला. तीन फेज म्हणजे तीन ठिकाणची वीज. एक वायर स्वयंपाकघरातून, एक हॉलमधून, एक बेडरूममधून. लोक इंजिनियर होण्यात उमेदीची वर्षं का घालवतात कळत नाही.

दुपारी. वायरी ओढल्या. बटण दाबलं. मशीन ढिम्म. गुरगुरलंसुद्धा नाही. बेडरूम लांब आहे, वीज वाटेत दमली असावी.

६ मार्च

मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्याला बोलावलं. वायरी बघून त्याने आधी मेन स्विच पाडला, मग मटकन खाली बसला. बाई, तुम्ही जिवंत कशा, असं विचारलं. (बोलण्याची रीतच नाही.) म्हणाला, तिन्ही खोल्यांत एकच फेज आहे. एकच माणूस तीन खिडक्यांतून डोकावला म्हणून तीन माणसं होत नाहीत.

मला तशी थोडी शंका होतीच.

पण उपाय आहे. एक जुनी तीन फेजचीच मोटार आणायची, नुसती रिकामी फिरवायला. तिच्या दांड्याला दोरी गुंडाळून खस्सकन ओढायची आणि लगेच स्विच द्यायचा. एकदा फिरू लागली की ती एका फेजवर फिरत राहते आणि उरलेल्या वायरीत आपली आपण वीज तयार करते. ती रंध्याला द्यायची.

म्हणजे दिराने नेलेली फेज मी घरच्या घरी करणार. लोणी काढावं तशी. इतकी आनंदात मी गेल्या वर्षभरात नव्हते.

११ मार्च

मोटार आली. वाइंडिंगवाल्याने रंध्याच्या मोटारीची आतली जोडणीही बदलून दिली, आता विजेच्या कमी दाबावर चालेल म्हणाला. दोरी त्यानेच ओढली. रंधा फिरला! तोच आवाज. मला दारात उभं राहून हाक मारावीशी वाटली की जेवायला चला.

मग फ्यूज गेला. फ्रिज, गीझर, पंखे सगळं बंद ठेवा, मगच चालेल, असं त्याचं म्हणणं. ठेवीन. फ्रिजचं काय एवढं. बायका पूर्वी सूड घ्यायच्या तेव्हा फ्रिज कुठे होते.

१२ मार्च

दूध नासलं.

१७ मार्च

शेडच्या बाजूच्या खिडक्या उघडून ठेवल्या. आवाज थेट त्याच्या कानात गेला पाहिजे. संकल्प: त्याच्या ताटात पुन्हा कधी वाढणार नाही. वाढलंच तर आग्रह करणार नाही.

जाऊबाई येऊन गेली. मी उकाड्यात पंख्याशिवाय बसलेली बघून चुकचुकली. सांगत होती, आमचे हे रोज विचारतात, वहिनींना शॉक तर बसला नाही ना, म्हणून. बघा! किती आशा लावून बसलाय!

२१ मार्च

त्याने जाऊबाईच्या हाती रबरी चटई पाठवली. दोरी ओढताना वहिनींनी हिच्यावरच उभं राहायचं, असा निरोप. मला घाबरवायचा डाव. मी चटई वापरते आहे, पण रागाने.

३० मार्च, संध्याकाळी

आज दाखवलं. सविस्तर लिहिते.

दीर, जाऊबाई, वाइंडिंगवाला, सगळे मागच्या खोलीत. घरातलं सगळं बंद. वाइंडिंगवाला दोरीला हात घालणार, तोच मी म्हटलं, सरका, मी ओढणार. सूड दुसऱ्याच्या हाताने घेत नाहीत.

दोरी गुंडाळली, ओढली, स्विच दिला. मोटार फिरली. रंधा फिरला. मी दिराकडे असं पाहिलं, असं पाहिलं! तो रंध्याकडेच बघत होता. सावकाश म्हणाला, वहिनी, उलटा फिरतोय.

मी जन्मजात डावरी. सिस्टरांनी हातावर पट्ट्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, पण राग आला की डावा हात पुढे येतो. दोरी डाव्या हाताने गुंडाळली, म्हणजे उलटी, आणि ही मोटार ओढाल तशी फिरते. रंध्याला उलटं फिरवलं तर तो लाकूड कापत नाही, नुसतं घासतो. जाऊबाई खिडकीबाहेर बघायला लागली. खांदे हलत होते तिचे.

पुन्हा. या वेळी उजव्या हाताने. सुलटा फिरला! फळी घातली, वरची काळपट साल निघाली आणि आतून गुलाबी लाकूड दिसलं.

जिंकले. दिराने मशीनच्या अंगावरून एकदा हात फिरवला, बरं येतो वहिनी, म्हणाला, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, जातो.

ठरलं तसंच झालं. अगदी ठरलं तसंच.

५ एप्रिल

रोज चालवते. मशीन झकास. फक्त प्रत्येक फळीच्या शेवटी टीचभर खड्डा पडतो. पलीकडून निघालेली फळी धरायला कुणी नसतं, ती लोंबते, शेपूट वर उचललं जातं आणि पातं तिथे जास्त खातं. हे अलीकडून फळी सारायचे तेव्हा पलीकडे दीर उभा असायचा. इतकी वर्षं चहा घेऊन जायचे, दोघांना द्यायचे, पण तो तिथे काही काम करतोय असं मला कधी वाटलंच नाही.

खड्ड्याला मी डिझाइन म्हणायचं ठरवलं होतं. वाइंडिंगवाला नाही म्हणाला.

चहा हल्ली उरतो.

उद्या दिराला बोलावून घेते. उंबरठा चढायचा नाही, हे त्याला एकदा नीट बजावून सांगायला हवं. अशा गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. जेवायच्या वेळेलाच बोलावते, म्हणजे त्याला घाईने उठून जाता येणार नाही.