सरासरीबाहेरची मुलं

३ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामींचे गुडघे बरे असतील. बातमी सांगते, आधी पाणी प्या. मी शाळेची नोकरी सोडून डेटा सायन्समध्ये एम.एससी. करायचं ठरवलंय. मुलाखत पंधरवड्यात आहे. बेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं तुम्ही म्हणणारच.

पण कारण ऐका. यंदा माझ्या आठवीची गणिताची सरासरी वाढली. मुख्याध्यापकांनी भर सभेत कौतुक केलं, टाळ्या झाल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाही मुलाचे गुण वाढले नव्हते, मामा. कच्ची पाच मुलं शाळा सोडून गेली, म्हणून सरासरी वर गेली. मी तसं सांगितलं, तर सर म्हणाले, एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही. खरंच आहे. मग सगळ्या शाळांवरून सिद्ध करायला शिकते.

आशीर्वाद द्या, आणि रागवायचं तर पत्रातून रागवा.

तुमची भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पाणी प्यालो, तरी ठसका लागलाच. तुला या पेशात मी आणलं आणि तू ऐन भरात पळ काढतेस? गेलेल्या पाचांसाठी समोरची चाळीस सोडायची, हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही. मामी म्हणते, पोरीला जाऊ द्या. तुझे लाड तिनेच केलेत.

मी रागावलोय, याची नोंद घ्यावी. मुलाखतीला मात्र वेळेवर जा.

रागासकट तुझाच,
मामा

२० मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात! मुलाखतीत प्राध्यापकांनी पडद्यावर एक आलेख दाखवून माझं मत विचारलं. उभ्या अक्षाला नावच नव्हतं. सवयीने तोंडून निघून गेलं, की अर्धा गुण कापला, पुन्हा काढून आणा. आलेख त्यांनी स्वतःच काढलेला होता. तेव्हापासून मी उशीत तोंड खुपसून बसलेय.

तुमची वेंधळी भिंगरी

ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं होतं. आज त्याच प्राध्यापकांचा फोन आला. म्हणाले, बाकी सगळ्यांनी आलेखाची वाहवा केली, अक्षावर काय मोजलंय ते तुम्ही सोडून कुणीच विचारलं नाही. मामा, मला प्रवेश मिळाला!

९ सप्टेंबर, तीन वर्षांनी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तीन वर्षं तुम्ही दर पत्रात राग कळवलात आणि दर सत्राचे गुणही विचारलेत. आता ऐका. पदवी मिळाली, शिक्षण खात्यात नोकरीही लागली. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे आकडे तपासले. जिथे सरासरीने उडी मारली होती, तिथल्या बहुतेक शाळांतून मुलं गळली होती. मी हे खात्याच्या सभेत मांडलं तेव्हा आमचे मुख्याध्यापक पहिल्याच रांगेत होते. तेच सगळ्यांत आधी उठले आणि म्हणाले, आता सिद्ध झालं.

यापुढे सोडून गेलेली मुलं धरूनच शाळेचा निकाल लागणार आहे. शिक्षक त्यांच्या घरी जाऊ लागलेत. माझ्या पाचांपैकी तिघं परत वर्गात बसली, मामा! मी दाराशी उभी राहून बघून आले, आणि रडले.

तुमची भिंगरी

१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र मामीला वाचून दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. तिघं परत आली, ही ओळ दर वेळी दोनदा वाचली. राग गेला, हेही नोंदवून घे. उरलेल्या दोघांनाही आण.

सुट्टीत ये आणि हे आकड्यांचं काम मला मुळापासून शिकव. फळ्याशी तू उभी राहा, बाकावर मी बसतो.

तुझा नवा विद्यार्थी,
मामा