शेताचे चार कोपरे

३ जून

ती. ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तू पाठवलेलं सुयांचं पाकीट पोचलं. एकही सुई वाकलेली नाही. इथे सुई मिळते, पण अशी जाड की तिने गोणपाटच शिवावं. सगळ्या सुया बाटलीत भरून बाटली उंचावर ठेवली आहे, कारण मागच्या खेपेची चांगली सुई घेऊन हे घोड्याचं खोगीर शिवायला बसले होते.

आम्ही दोघंही देवाच्या दयेने ठीक आहोत. पहिल्या वर्षी पेरलेलं पाखरांनी खाल्लं, दुसऱ्या वर्षी गव्हापेक्षा गवतच उदंड झालं, पण यंदा गहू असा भरला आहे की मी रोज काही ना काही निमित्त काढून बांधावर जाऊन येते. उगाच दृष्ट लागायची म्हणून हे चिडवतात. पाळकाच्या बायकोने दृष्ट-बिष्ट मानू नये हे मला कळतं, म्हणून मी नुसतीच बघते, कौतुक मोठ्याने करत नाही.

आता मुख्य बातमी. संस्थेचं पत्र आलं आहे. ऑगस्टच्या शेवटी चिटणीस स्वतः येऊन सगळं बघणार. आम्हाला इतक्या लांब पाठवलं ते काही गहू पिकवायला नाही, गावाशी जोडून घ्यायला. आणि प्रार्थनेच्या खोलीत आठ बाक आहेत, त्यांतल्या एकावर तीन वर्षं मी एकटी बसते, उरलेल्या सातांवर यांचा आवाज. गावात आम्हाला आपलं म्हणणारं कुणी नाही असं दिसलं तर शेत दुसऱ्याला कसायला देतील आणि थंडीच्या आत आम्हाला परत बोलावतील. पत्र वाचल्यावर यांनी न्याहारीला दुसऱ्यांदा पाव मागितला नाही, त्यावरून काय ते ओळख.

ताई, मला परत यायचं नाही. या जमिनीतले दगड मी ओच्यात भरभरून बाहेर काढले आहेत. आणि माणसं वाईट नाहीत गं. समोरच्या घरात दाईबाई राहते, गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पहिल्या वर्षी मी तापाने पडले तर आठ दिवस न सांगता येऊन आमच्या गाईची धार काढून गेली. खालच्या वळणावरचा लोहार यांना वाट अडवून शेतीतले दोष सांगतो. पण फुकटचं म्हणून कुणी काही घेत नाही. मी जामची बाटली पाठवली की ती मधाने भरून परत येते. आम्ही थंडीचे जुने कोट वाटले, तर दुसऱ्या दिवशी सगळे कोट धुऊन, तुटलेली बटणं लावून परत आले. निरोप असा, की तुमचे कोट चुकून आमच्याकडे आले होते.

यावर यांचं म्हणणं, आपण देण्यात कमी पडतो. म्हणून यंदा शास्त्रात सांगितल्याप्रमाणे कापणी करताना शेताचे चारही कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी उभे सोडायचे ठरवलं आहे. उभा, पिकलेला गहू सोडायचा! देवाने सांगितलं आहे म्हणून मी गप्प आहे. एकट्या यांनी सांगितलं असतं तर बघितलं असतं.

लोभ आहेच, इथपर्यंत पुरेल एवढा राहू दे.

तुझी,
धाकटी

२१ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र मिळालं. सुया बाटलीत भरणारी बाई जगात तू एकटीच असशील. गंजतील त्या. लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेव.

माझा गुडघा आहे तसाच आहे, शिवणवर्गही आहे तसाच आहे. एका मुलीने परवा सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी म्हटलं, बाई, आता तसाच माणूस शोध.

रागावणार नसलीस तर एक खरं सांगते. चिटणीसांनी तुम्हाला खुशाल परत पाठवावं अशी मी रोज प्रार्थना करते. तू अगदी उलटी करत असशील. त्याने तरी वर बसून कुणाचं ऐकायचं! पण मला आता कुणीतरी भांडायला हवं आहे गं. शेजारीण फार समजूतदार निघाली.

आमच्या पाळकबुवांना माझा सलाम सांग आणि हेही विचार, की ते कोपरे गरिबांना आणि परक्यांना म्हणता, तर तुमच्या गावात परके नेमके कोण? एकदा दोघं मिळून आरशासमोर उभे राहा.

दुसरं असं, की तीन वर्षांत तुझ्या पत्रांत तू शेजाऱ्यांना काय काय दिलंस ते सगळं आलं. तू कुणाकडे काही मागायला गेलीस हे एकदाही आलं नाही. लहानपणी आपण वाटी घेऊन मागच्या काकूंकडे साखरेला गेलो नसतो, तर त्यांनी आपल्याला ओळखलं तरी असतं का? तुला मात्र लहानपणापासून मागायची लाज. वाटी मी धरायची आणि तू माझ्या पाठीमागे लपायचीस.

प्रकृतीला जप. माझी आठवण येते की नाही ते लिहीत नाहीस, तेवढं लिहीत जा.

तुझी,
ताई

२९ जुलै

ती. ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

ताई, आमच्या हातून मोठी चूक झाली आहे. चांगलं करायला गेलो आणि सगळं विसकटलं.

शुक्रवारी कापणी झाली. घोड्यामागे जोडायचं कापणीचं यंत्र आम्ही भाड्याने आणतो. ते कोपऱ्यात वळत नाही, तिथलं पीक विळ्याने हातानेच कापावं लागतं. ते आम्ही ठरल्याप्रमाणे कापलं नाही. चार कोपऱ्यांत चार पिवळे पुंजके उभे राहिले. येणारा-जाणारा थांबून बघायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. यांना वाटलं, लोकांच्या मनाला स्पर्श झाला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे प्रार्थना करून बाहेर आलो तर चारही कोपरे हजामत केल्यासारखे साफ! आणि आमच्या पायरीवर पेंढ्या रचून ठेवलेल्या, प्रत्येकीला अशी सुबक गाठ की मला सोडवत नव्हती. गावाने काय समजावं? नव्या शेतकऱ्याला विळा धरता येत नाही, सांगायची लाज वाटते, म्हणून पीक तसंच टाकलं. पाच घरची माणसं पहाटे उठून आली, कापून, बांधून, दाराशी ठेवून गेली. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिथेच थांबायचं होतं गं.

पण यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गैरसमज म्हणजे यांना बुटातला खडा. सोमवारी कोट चढवून घरोघर गेले आणि प्रत्येकाला समजावून आले, की तुमचे उपकार झाले, पण ते पीक मुद्दाम गरिबांसाठी ठेवलं होतं. लोहार ऐरणीवर काहीतरी ठोकत होता, तो ठोकतच राहिला. दाईबाई शेंगा सोलत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की या गावात गरीब कोण, जरा बोट करून दाखवा. मग ती म्हणाली, की तुम्हाला हाताशी भाऊ नाही, मुलगा नाही, म्हणून आम्ही झोप मोडून आलो, आणि तुम्ही आम्हालाच भिकारी ठरवता? एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कुणी बोलत नाही. लोहाराने यांचे दोष काढणंही सोडलं आहे, याचं यांना सगळ्यात वाईट वाटतं. मी दाईबाईकडे जामची बाटली पाठवली. ती परत आली. ताई, तीन वर्षांत पहिल्यांदा बाटली जशीच्या तशी परत आली, आत तोच जाम. मी पायरीवर बसून रडले.

चिटणीस यायला चार आठवडे उरले. मळणी व्हायची आहे. तुझी प्रार्थना फळाला येते आहे असं दिसतं. आठवण येते, रोज येते. तरीही मला इथेच राहायचं आहे.

लोभ कमी करू नकोस, सध्या त्याचीच टंचाई आहे.

तुझी,
धाकटी

१७ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग गुडघा दुखतो हे आठवून बसले.

मेहुण्यांना म्हणावं, माणूस सज्जन असावा, पण इतका घाईने असू नये.

लांबण लावत नाही. तुम्ही परत यावं ही प्रार्थना मी काल संध्याकाळी मागे घेतली. त्याला स्पष्ट सांगितलं, की आजपर्यंत मागितलं ते माझ्यापुरतं होतं, ते धरू नकोस, आता धाकटीचं ऐक. भांडायला मी दुसरं कुणी शोधेन. परवा वर्गातल्या त्या दोन डाव्या बाह्यांच्या मुलीने मला उलट उत्तर दिलं, तेव्हा आशा आहे.

रडायचं असेल तर पायरीवर रडू नकोस, दमटपणाने कंबर धरते.

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र अजून यायचं आहे, पण थांबवत नाही. चिटणीस काल परत गेले. सगळं पहिल्यापासून सांगते.

मळणीच्या ऐन मध्यात यांची कंबर धरली. पेंढ्या खळ्यावर नेताना एकदम वाकले ते तसेच राहिले. मी आणि घोड्याने मिळून यांना घरात आणलं. आम्ही दोघांनी चार दिवसांत जेमतेम गाडीभर गहू झोडपला होता, बाकी सगळा तसाच पडलेला, आणि हवा पालटायला लागलेली. तुझं जूनमधलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मग पदर खोचला आणि दाईबाईकडे गेले. हातात काहीही न घेता. ताई, रिकामे हात घेऊन कुणाच्या दारात उभं राहणं किती अवघड असतं! हात ठेवावेत कुठे तेच कळेना. लपायला तुझी पाठही नव्हती.

मी सांगितलं, की हे आडवे झाले आहेत, मला मळणी येत नाही, आमचं पीक जाईल, माणसं हवीत. ती म्हणाली, की आधी एक सांग. अर्ध्या गावाचं म्हणणं आहे, तुझ्या नवऱ्याला विळा येत नाही आणि ते लपवायला त्याने गरिबांची गोष्ट रचली. तसं असेल तर राग नाही, पुरुष असली सोंगं करतातच.

बघ, किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. पण ज्यांनी आजवर मला खोटं सांगितलं नाही, त्यांना खोटारडं कसं ठरवू? मी म्हटलं, बाई, कोपरे त्यांनी देवाचं ऐकूनच सोडले. पण सोडायचे नसते, तरी त्यांना कापता आले नसते. दोन्ही खरं आहे.

ती चौकटीला धरून अशी हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग डोळे पुसत विचारलं, की बरं, आता या गावात गरीब कोण? मी म्हटलं, आज तरी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा माणसं खळ्यावर हजर. कुणी झोडपत होतं, कुणी वाऱ्याला धरून उफणत होतं. बसायला काही नाही म्हणून प्रार्थनेच्या खोलीतले आठही बाक त्यांनी उचलून बाहेर आणले. एका बाकावर यांना आडवं केलं. तिथून हे सूचना देत होते आणि कुणीही ऐकत नव्हतं. दुपारी जेवणाआधी यांनी निजल्या-निजल्या प्रार्थना केली. सगळ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कंबर साथ देईना म्हणून चार वाक्यांत आटोपली. दाईबाई म्हणाली, की एवढी आखूड असणार असेल तर एखाद्या रविवारी येऊन बघेन.

आणि नेमके तेव्हाच, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, चिटणीस फाटकात! पांढरा शर्ट, बगलेत कागद. मी धावले, पण त्याआधीच दाईबाईने त्यांच्या हातात सूप दिलं. तिला वाटलं, लांबच्या वस्तीवरचा कुणी मदतीला आला. बिचाऱ्यांनी तासभर धान्य पाखडलं. मग त्यांनी प्रार्थनेची खोली उघडायला सांगितली. आत काय? चार भिंती. माणसं नाहीत ते नाहीतच, बाकसुद्धा नाहीत. त्यांचा चेहरा पडला.

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, की या दोघांचा गावाला काही उपयोग आहे का. लोहार उठला. हात पुसून म्हणाला, की खरं सांगायचं तर शेतीच्या कामी काडीचा उपयोग नाही. पण साहेब, अर्धवट शिकलेला माणूस मध्येच उचलून नेणं बरं नव्हे. आपल्याला येत नाही हे कळायलाच याला तीन वर्षं गेली, आता कुठे शिकवायला घेतोय. मनगट फार हट्टी आहे. नुसत्या विळ्याला दोन हंगाम लागतील, गंजी रचायला आणखी तीन. तोवर हात लावू नका. बाईला मात्र लवकर येईल, असं दाईबाईने मधेच घातलं.

चिटणीसांनी शिसपेन्सिल काढली. कागदावर खूप रकाने होते, ते सगळे कोरे ठेवून तळाला त्यांनी आडव्या ओळीत पाच वर्षं असं लिहिलं, त्याखाली सही केली आणि यांना विचारलं, की तुम्हाला काही सांगायचं आहे का. तीन वर्षं घरोघर जाऊन लोकांना शिकवायला धडपडणारा माणूस गं हा! बाकावर आडवे पडल्या-पडल्या म्हणाले, की शिकवणाऱ्यांची मर्जी.

पुढच्या वर्षी कोपऱ्यांचं काय करणार, असं मी रात्री विचारलं. म्हणाले, सोडणार. पण कुणाला समजावून सांगणार नाही.

तेव्हा ताई, तुझ्या प्रार्थनेला नकार आला म्हणून मला माफ कर. आम्ही एवढ्यात येत नाही. यांचं शिक्षण सुरू झालं आहे. पहिला धडा कंबर सुटली की, सोमवारी सकाळी. लोहाराने वेळेवर यायला बजावलं आहे.

लोभ असा ठेव की तो मागायला मला लाज वाटणार नाही.

तुझी,
धाकटी