तिसरं पान

५ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बावीस तारखेला तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन असल्याचं मामीने कळवलं. येते असं लिहिणार होते, पण हात आखडला. ऑफिसात मी अजून प्रोबेशनवरच आहे. सहा महिने म्हणाले होते, आता आठवा लागला, आणि कोणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या वकिलाला सहावा महिना भरायच्या आठवड्यात नारळ दिला. तेव्हापासून मी टेबलावर स्वतःचं पेनसुद्धा ठेवत नाही. चहा पाहुण्यांच्या कपातून पिते. उद्या जा म्हणाले तर पर्स उचलून निघता यावं. अशात रजा कुठल्या तोंडाने मागू?

माझं नेमणूकपत्र तुला तुझ्या हाताने कापडी बाइंडिंगमध्ये घालायचंय ना? प्रत सोबत आहे. पण घाई करू नकोस. रागावला असशील तर तसं लिही. मला फार वाईट वाटतंय.

लोभ असावा, निदान मुदत संपेपर्यंत तरी.

तुझी,
तात्पुरती वकीलबाई

११ ऑगस्ट

चि. वकीलबाईस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. मामी आहे ना. चाळीस वर्षं कान धरत आलीय, एक दिवस हात धरेल. खरं सांगायचं तर तू शेजारी असतीस तर मला धीर आला असता, पण नोकरी आधी सांभाळ.

तुझं नेमणूकपत्र भिंगाखाली धरलं. कायद्यातलं मला काय कळतंय, पुठ्ठ्याचं माप घ्यायचं होतं. पण आम्हा बाइंडरांची खोड, शिवण्याआधी पानं मोजायची. पहिल्या पानाखाली ‘तीनपैकी एक’ छापलंय, दुसऱ्याखाली ‘तीनपैकी दोन’. तिसरं कुठाय? दुसऱ्यावरचं शेवटचं वाक्यही ‘प्रोबेशनची मुदत संपेपर्यंत’ इथेच तुटलंय. अर्धवट पुस्तक मी बांधत नाही, गिऱ्हाईक भाची असली तरी. ते पान शोध.

मामीचा आशीर्वाद. लोभ आहे, त्याची पानं मोजू नयेत.

तुझा,
मामा

१६ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पान सापडलं. नेमणूकपत्र आलं त्या पाकिटाच्या आतच चिकटून बसलं होतं. त्यावर पुढचं वाक्य आहे: ‘आम्ही लेखी काही न कळवल्यास नेमणूक कायम समजावी.’ मामा, मी दिवसभर लोकांचे करार वाचते, स्वल्पविरामही सोडत नाही. स्वतःच्या करारात मात्र आनंदाच्या भरात फक्त पगाराचा आकडा पाहिला. हे मामीला सांगू नकोस.

पान घेऊन आमच्या मोठ्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तू तर दीड महिन्यापूर्वीच कायम झालीस, वकील आहेस म्हणून वाटलं वाचलं असशील. मी मान खाली घातली. रजा किती हवी विचारल्यावर एक दिवस म्हणाले, त्यांनी चार लिहिले. चहाचंही मी सांगून टाकलं, तर पाहुण्यांचा एक कप सारखा कमी का पडतो ते आज कळलं म्हणाल्या.

एकवीसला दुपारी पोचते. पट्टी सुटेपर्यंत तुला पेपर मी वाचून दाखवेन. तिसरं पान आणतेय, आता बांध. आणि निघताना तुझ्या दुकानातला तो टवका उडालेला कप मला दे. टेबलावर ठेवायचाय.

लोभ कायम असावा. तू लेखी काही न कळवल्यास तसंच समजेन.

तुझी,
भाची