विमानाचं शेपूट आणि मामाची जीप

बाबा, तुमच्या त्या विमानाच्या शेपटापायी आईचं माहेर तुटलं, हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही होतात तोवर कुणाची टाप नव्हती, म्हणून आता सांगते.

परतवाड्याच्या आपल्या गॅरेजात येईल त्याला तुम्ही तेच ऐकवायचात. तरुणपणी परदेशातल्या कारखान्यात तुम्ही प्रवासी विमानांची जुनी पिस्टनची इंजिनं उतरवून त्या जागी टर्बोप्रॉप जातीची नवी इंजिनं चढवलीत. नवं इंजिन हलकं, म्हणून तोल साधायला लांब नाकावर पुढे बसवावं लागलं; जोर दांडगा, त्याच्यापुढे जुनं शेपूट अपुरं पडलं, म्हणून तेही मोठं केलं. "इंजिन बदललं का अख्खं विमान बदलावं लागते," हे वाक्य आम्ही वरणभाताबरोबर गिळलं आहे. समोरचा बिचारा ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट बदलायला आलेला असायचा.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांनाच पाणी पाजलं होतं. आईच्या धाकट्या भावानं, मामानं, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि चिखलदऱ्याच्या सवाऱ्यांसाठी जुनी पेट्रोलची जीप घेतली. पेट्रोल परवडेना, म्हणून सगळे करायचे तेच त्यानं केलं: डिझेलचं इंजिन बसवायला गाडी तुमच्याकडे आणली. इंजिन तुम्ही झटक्यात बसवलंत आणि मग अडून बसलात. डिझेलचं इंजिन जड, पुढचे स्प्रिंगचे पाटे वाकतील, घाट उतरताना ब्रेक पुरणार नाहीत. पाटे नि ब्रेक बदलल्याशिवाय गाडी मिळणार नाही. अहो, विमानाचं इंजिन हलकं होतं, जीपचं जड. प्रवचन मात्र तेच!

"भाऊजी, पावसाळा चालला," मामा कळवळून म्हणायचा. "चिखलदऱ्याले पब्लिक हाये ते आताच हाये. बाकीच्या गाड्या अशाच धावून राहिल्या न? त्यायले काय झालं?"

"त्या गाड्या माह्या हातच्या नाईत."

तुम्ही पाटे आणायला अकोल्याला गेलात आणि आईनं खिळ्यावरची किल्ली काढून भावाच्या हातात ठेवली. मी तिथेच उभी होते. परत आल्यावर तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. पाटे भिंतीला टेकवलेत आणि एवढंच म्हणालात, "त्या गाडीत माह्या घरचं कोनी बसनार नाई."

दर दिवाळीला मामा आईला माहेरी न्यायला यायचा. त्या दिवाळीलाही आला, जीप घेऊन. आई पिशवी भरून दारात उभी आहे, आणि तुम्ही पेपरातून डोकं वर काढत नाही. ती म्हणाली, एसटीनं जाते. पण मामाही तुमच्याइतकाच हेकट. "माह्या गाडीत बसाची लाज वाटते त माह्या घरी काहून येतं?" म्हणाला, आणि चहा न पिता निघून गेला. तुमच्या दोघांच्या अकडीत एका बाईचं माहेर बंद झालं. आणि बाबा, त्या जीपला काहीही झालं नाही! वर्षानुवर्षं घाट चढली, उतरली. एवढं सगळं करून तुम्ही बरोबर तरी ठरायचं होतं. तसं झालं असतं तर कुणाचा तरी जीव गेला असता, कळतं मला. तरी चीड येते.

तुमच्यामागंही आईनं तुमचा शब्द पाळला. मी अमरावतीहून येऊन डोकं फोडायची, ती नुसती मान हलवायची. यंदा मामा आपणहून आला. केस पांढरे, आवाज खाली. "बाई, गाडी विकून राहिलो. माह्यानं आता घाट होत नाई. एक डाव बस."

आई उठली. आत जाऊन तिनं पातळ बदललं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी मागे. चिखलदऱ्याचा घाट चढताना ती भावाशी लहानपणचं काहीबाही बोलत होती, मधेच खळखळून हसत होती. आई अशी हसते, हे मला ठाऊकच नव्हतं. तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर भांडलेच असते.

संध्याकाळी तो आम्हाला सोडायला निघाला. उतार लागला. मामा एका हातानं बहिणीला मोहाची झाडं दाखवत मजेत गाडी हाकत होता.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, नाहीतर खूश व्हाल. अख्खा घाट उतरेपर्यंत मी उजवा पाय खालच्या पत्र्यावर, ब्रेक दाबावा तसा, दाबून धरला होता.