उघड्या दाराची सभा

ब्राउनश्वाइग, जर्मनी, ४ नोव्हेंबर

ती. आईस, क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. शेजारच्या पुष्करदादाने तुझ्या फुटलेल्या खिडकीचा फोटो पाठवला. तू मला मांजराने काच फोडली म्हणून सांगितलंस! एवढं दांडगं मांजर कुठलं गं?

वाचनालयात तू बोललीस अठराव्या शतकातल्या इंग्लंडवर. सरकारी चर्च न मानणाऱ्यांची प्रार्थनाघरं जमावाने कशी पाडली, जाळली, एवढंच. तेही माझ्याच प्रबंधाच्या टिपणांवरून. त्यावर आपल्या गावात दगड? माझं इथे कशात लक्ष नाही, प्रोफेसर काय बोलतात तेही कळत नाही. आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत ‘तर मग’, रविवारचं दुसरं व्याख्यान रद्द कर, दाराला कडी लाव आणि गप्प बस. विनंती नाही, हट्ट समज.

तब्येतीला जप. माया पातळ करू नकोस.

तुझी,
क्षितिजा

धामणवाडी, ६ नोव्हेंबर

चि. क्षितिजास आईचे अनेक आशीर्वाद.

मांजराचे नाव मी सांगितले, कारण तू लगेच रडतेस. गेल्या वर्षी इथल्या दोन कुटुंबांना, देवळात न येता घरी वेगळी प्रार्थना करतात म्हणून, दगड मारून हाकलले. मी त्यांचे नावही घेतले नव्हते. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय! आता वाचनालयवाले म्हणतात, बाई, विषय बदला, परसबागेवर बोला. माझी तर कुंडीतली तुळससुद्धा वाळते. मग सभा आपल्या घरीच ठेवली.

तूच लिहिले होतेस ना, इंग्लंडातल्या त्या लोकांना वेगळ्या प्रार्थनेची कायद्याने परवानगी होती, पण सभा चालू असताना दाराला कडी-कुलूप लावायचे नाही या अटीवर? म्हणजे दगड घेऊन येणाऱ्यालाही दार सताड उघडे. तरी ती माणसे जमत राहिली. त्यांच्यावर प्रबंध लिहिणारी पोर आईला कडी लावायला सांगते! लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

भीती मलाही वाटते गं. पण एकेचाळीस वर्षे इतिहास शिकवला, आता परसबाग नाही. रविवारी चार वाजता, तुझ्याकडच्या साडेअकराला, लॅपटॉपवरून तुझी टिपणे तूच वाच. मी दारात खुर्ची टाकून बसेन.

जेवत जा. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

आई

ब्राउनश्वाइग, १० नोव्हेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

दोन टाके पडले हे शेवटी पुष्करदादाकडूनच कळलं. मी तुझ्यावर भयंकर चिडलेय, आणि तुझा अभिमान तर इतका वाटतोय की सांगता येत नाही.

जमावाने दारं कशी मोडली ते मी वाचत होते, तेवढ्यात दगड आला. स्क्रीनवर तुझं कपाळ लाल झालेलं दिसलं आणि मी वाचायची थांबले. तू पदर कपाळाला दाबलास आणि खुर्चीवरून न उठता मला पुढे वाचायला सांगितलंस. आत ऐकायला बसलेल्या चौदा जणांपैकीही कुणी उठलं नाही. मी वाचायला लागले, रडत, नाक ओढत, पण मोठ्याने.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाई माझं दार ठोठावू लागल्या. इथे रविवारी शांतता पाळायची असते. एरवी मी एन्टशुल्डिगुंग, माफ करा, म्हणत धावले असते. काल त्यांना ठोठावू दिलं आणि आवाज आणखी चढवला. तुझ्या दाराबाहेरच्या घोळक्यालाही शेवटच्या पानापर्यंत सगळं ऐकू जायला हवं होतं.

टाक्यांना पाणी लावू नकोस. लोभ आहेच, तो असाच हट्टी राहू दे.

तुझीच,
क्षितिजा