न गोठणारं रक्त

३ सप्टेंबर
बिश्केकहून येताना हाडं खिळखिळी झाली, पण मन हलकं आहे. आज या गावच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर रुजू झाले. प्रयोगशाळा दोनच खोल्यांची, खिडकीतून चरणारे घोडे दिसतात. इथले फॅमिली डॉक्टर सबीरकुल चहाची किटली घेऊन हजर. सगळं गाव त्यांना थोरल्या भावासारखं बायके म्हणतं. म्हणाले, "आयचुरोक, तुझ्या आधीचा गडी नुसते आकडे पाठवायचा. ते माझ्या घोड्याला दाखवले असते तरी तेवढंच कळलं असतं!" मी म्हटलं, तुम्ही चिठ्ठीवर रोग्याची हकिकत लिहा, आकडे काय बोलतात ते मी सांगेन. ठरलं.

११ सप्टेंबर
एका मेंढपाळाचं पोटॅशियम भयंकर वाढलेलं. बायके त्याला घाईघाईने शहरात हलवायला निघाले होते. मी फोनवर विचारलं, रक्त कधी काढलंत? सकाळी. दुपारपर्यंत ते जीपमध्ये हिंदकळत होतं. पेशी फुटल्या, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं आणि आकडा खोटा आला. पुन्हा काढलं तर सगळं ठीक! बायके इतके हसले की त्यांना ठसका लागला.

१९ सप्टेंबर
कोक-बेल गावची मैरम, वय चोवीस. मांड्यांवर, दंडांवर काळेनिळे डाग. नवऱ्याने, इशेनने, कधी बोटही लावलं नाही, असं ती रडून सांगत होती. सोबत आलेला थोरला भाऊ डोलोत म्हणाला, पाठीशी घालतेय त्याला. बायकेंनाही तसंच वाटलं. त्यांनी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट मागितल्या, चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला: मारहाण. प्लेटलेट ठीक होत्या, तसं कळवलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सुचवलं नाही. काम फार होतं.

२१ सप्टेंबर
डोलोतने दोन भावांना घेऊन इशेनला अंगणात ओढलं आणि दांडक्यांनी झोडपलं. दुपारी आणला तेव्हा नाकातोंडातून रक्त, लघवीतून रक्त, सुई टोचली तिथूनही रक्त. एकही हाड मोडलेलं नव्हतं. बायके म्हणत राहिले, मग हे थांबत का नाही? त्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन मी तासभर तिरकं करून पाहिलं. पाण्यासारखं वाहत होतं. गोठलंच नाही. चार वाजता तो गेला.
मैरमचं रक्त घेतलं. तेच.

२२ सप्टेंबर
तिच्या रक्तरसात निरोगी माणसाचा मिसळला. गोठला. म्हणजे गोठवणारे घटकच तिच्या अंगात तयार होत नाहीयेत. नवराबायको दोघांना एकदमच, म्हणजे खाण्यातून. उंदीर मारायचं विष, ते नेमकं हेच करतं. बायकेंना सांगितलं. मग ते मैरमशी बोलून आले. पीठ माहेरच्या गव्हाचं. उंदरांसाठी औषध चोळून ठेवलेलं पोतं डोलोतने चुकून बहिणीला दिलं होतं.
मैरमला व्हिटॅमिन के सुरू केलं. पोलीस माझ्या अहवालासाठी थांबलेत. तोवर तिघे भाऊ मोकळे.

२३ सप्टेंबर
डोलोत आला. अहवाल बदल म्हणाला. इशेननेच बायकोला विष घातलं, असं लिही. मी सांगितलं, मग त्याच्या स्वतःच्या रक्तात कुठून आलं? तो हसला. बोटं सलामत असतील तरच नळ्या धरशील, म्हणाला. माझा हात चौकटीवर दाबून दार लोटलं. दोनदा.
डाव्या हाताने लिहितेय.

२४ सप्टेंबर, सकाळ
बायके पोलिसांकडे निघाले होते. वाटेत तिघा भावांनी गाठलं. एक डोळा गेला. जबडा — बोलता येत नाही. इथे खाटेवर आहेत, माझी बाही धरून ठेवलीय. मैरम पलीकडच्या खोलीत.

अर्ध्या तासाने
तिघे आलेत. नर्स पळाली. आतून कडी लावली, कपाट सरकवलं. दाराची फळी चिरतेय —
हे ज्याला सापडेल त्याने ऐका. तीन दिवसांत मैरमचं रक्त नीट गोठेल. आकडा चांगला येईल. फसू नका. औषध थांबवू नका. हे विष अंगात महिनोन्महिने राहतं. रोज गोळ्या, दर आठवड्याला तपासणी — थांबवलंत तर पुन्हा —
कुऱ्हाड आणलीय —
आणि ते डाग माराचे नव्हते. इशेनने तिला कधीच —