चेरीचा की जर्दाळूचा

मंगळवार, ३ मार्च २०२६. सकाळी दहा पस्तीस

वेळ मुद्दाम लिहिते आहे. पुढे कुणी "असं झालंच नव्हतं" म्हणायला नको.

संशोधन संस्थेत कॉफीच्या यंत्रापाशी विल्माने मला गाठलं. विल्मा आमच्या ऑफिसची खरी मालकीण. संचालक येतात आणि जातात, विल्मा राहते.

"नेलबाई, बऱ्या भेटलात! हिस्केला चेरी आवडते की जर्दाळू?"

"कशाला?"

"केकला हो. सत्तावीस तारखेच्या निरोपाला. बेकरीवाल्याची ईस्टरची गडबड, आधी सांगून ठेवावं लागतं."

निरोप? हिस्केला? जिची कायम जागेसाठी परवा मुलाखत आहे तिला?

विल्माचा चेहरा पडला. "अरे देवा! तुम्हाला अजून—" आणि कप तिथेच ठेवून पळाली.

म्हणजे मुलाखत व्हायच्या आधी निकाल लागला, आणि वर केकसुद्धा सांगून झाला!

बाकीचं संध्याकाळी लिहीन.

संध्याकाळ

आता शांतपणे. सप्टेंबरात रेनियर घरी आला. माझा पहिला पीएच.डी.चा विद्यार्थी, आता संचालक. म्हणाला, "नेल, तरुण संशोधकांसाठी योजना काढतोय. प्रत्येकाला एक जुनाजाणता मार्गदर्शक. हिस्के तुझ्याकडे. वसंतात कायम जागा निघतेय, तिला तयार कर." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली मला. एवढ्या वर्षांत संस्थेतून आलेलं पहिलं माणूस! मी लगेच हो म्हटलं.

आणि केलं तयार. दर बुधवारी, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. बटाट्यावरच्या करपा रोगाचं हिस्केचं काम अस्सल आहे. पण बोलते अशी, जणू वर्गात उशिरा आल्याची माफी मागतेय. तिला मान वर करायला शिकवलं. अनुदानाच्या अर्जात पहिल्या चार ओळींत काय सांगायचं, तिरकस परीक्षकाला हसून कसं गप्प करायचं, आपण केलेल्या कामावर आपलं नाव पहिलं कसं मागून घ्यायचं — मला जे कुणी शिकवलं नाही ते सगळं.

डिसेंबरात तिला स्वीडनमधल्या उप्सालाहून बोलावणं आलं होतं. पाच वर्षांची जागा, स्वतःची प्रयोगशाळा. मी म्हटलं, "नाही म्हणून कळवून टाक. पाच वर्षांनी पुन्हा दारोदार हिंडणार का? इथे कायमची जागा आहे." म्हणाली, "बरं, बाई."

रेनियरच्या शब्दावर मी त्या मुलीला पुढ्यात वाढलेलं पान उचलून फेकायला लावलं! आणि आता तो तिला केक खाऊ घालणार.

बुधवार, ४ मार्च

हिस्केला काही सांगितलं नाही. उद्याच मुलाखत, आज तिचा धीर खचवून कुणाचं भलं? आणि चमत्कार झालाच, समितीत एखाद्याला लाज असलीच, तर?

शेवटची उजळणी. मी समितीची खाष्ट अध्यक्ष झाले. त्यात मला फारसं सोंग आणावं लागत नाही.

"पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, डॉक्टर?"

"माझ्या प्रयोगशाळेत," ती म्हणाली. पटकन, न चाचरता. मी टाळी वाजवली.

मग एकदम म्हणाली, "बाई, उद्याबद्दल मला जरा—"

"उद्याचं रडगाणं उद्या! बिस्कीट घे."

आम्हा डच लोकांत पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डब्याचं झाकण लावायची रीत. मी डबा उघडाच ठेवला. तिने एकही घेतलं नाही. निघताना दारात मला घट्ट मिठी मारली. उत्तरेकडच्या फ्रीसलंडची पोर, ती माणसं गाईलासुद्धा हात राखून थोपटतात. काहीतरी कळलंय का हिला?

गुरुवार, ५ मार्च

सेंट ज्यूडपुढे मेणबत्ती लावली. हताश झालेल्यांचा संत तो. चार वाजता हिस्केला फोन केला. उचलला नाही. सहालाही नाही.

शुक्रवार, ६ मार्च

रेनियरला सायकलींच्या शेडमध्ये पकडलं. कुलूप लावत होता.

"केक कुठला ठरला?"

"नेल, इथे नको."

"मग कुठे? चर्चमध्ये? काल मुलाखती झाल्या?"

"झाल्या. दोघांच्या."

"तीन जण होते ना?"

कुलपाकडेच बघत राहिला. कुलूप केव्हाच लागलं होतं.

"ते मी सांगणं बरं नाही. तू हिस्केशी बोल."

"हिस्केशी मी सहा महिने बोलतेय! तुझ्याशी बोलायचं राहून गेलं."

म्हणजे मुलाखतीलाही बोलावलं नाही तिला! आम्ही डच म्हणे तोंडावर बोलणारे. पन्नाशीचा संचालक, आणि सायकलच्या कुलपाआड लपतो! पहिल्या परिषदेत व्यासपीठावर हा पांढराफटक पडला होता, तेव्हा पहिल्या रांगेतून मान डोलवत बसले होते मी, पूर्ण वीस मिनिटं, ह्याला वाटावं की कुणाला तरी पटतंय. कॉन्व्हेंटात सिस्टर अल्फोन्सा म्हणायच्या, खोटं बोलणारा परवडला, जो गप्प राहून खोटं बोलतो त्याच्यापासून लांब राहा.

रविवार, ८ मार्च

प्रार्थनेला गेले. एक शब्द कानात शिरला नाही. मनात पत्रच लिहीत होते. घरी येऊन कागदावर उतरवलं. इथे नक्कल:

"रेनियर, तू सप्टेंबरात माझ्या घरी बसून सांगितलंस की ही जागा खुली आहे. त्यावर विसंबून मी एका गुणी संशोधिकेला परदेशातली संधी सोडायला लावली. जागा आधीच दुसऱ्याला दिली होतीस का? कुणाला, आणि केव्हा? नसेल, तर तिला मुलाखतीबाहेर कुणी ठेवलं? तुमच्या योजनेत मी मार्गदर्शक होते की शोभेची कुंडी? उत्तर लेखी हवं. शुक्रवार, १३ मार्च, दुपारी बाराच्या आत. न आल्यास ही नक्कल विश्वस्तांकडे जाईल. — नेल."

'प्रिय' लिहिलं नाही. 'तुझी' पण नाही.

सोमवार, ९ मार्च

पत्र विल्माच्या हातात दिलं. "नेलबाई, हे देते मी, पण आधी हिस्केशी बोला ना." सगळ्यांना एकच पाठ दिलाय!

मंगळवार, १० मार्च

हिस्के फोन उचलत नाही. कशाला उचलेल? माझं ऐकलं म्हणून आज बेकार आहे ती.

बुधवार, ११ मार्च

हिस्के आली. नेहमीच्या वेळी. कोट काढलाच नाही.

तिला कुणी डावललं नाही. तिनेच अर्ज मागे घेतला. उप्सालाला डिसेंबरातच हो कळवलं होतं. संस्थेत सगळ्यांना ठाऊक! बाईंना मीच सांगेन, तोवर कुणी बोलू नका, अशी रेनियरला गळ तिनेच घातली होती.

"मग जानेवारीपासूनचे सगळे बुधवार?"

"तुम्ही इतक्या रंगून शिकवत होता, बाई. माझ्याच्याने मोडवेना."

मोडवेना! पोरगी तीन महिने माझी करमणूक करायला येत होती.

रेनियरला दिलेली मुदत रद्द.

ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको आणि तोंडीही नको. लिहून दे. माझ्यासमोर 'नाही' म्हणता येत नाही, असं माझ्यात आहे तरी काय? गुळगुळीत करू नकोस. शुक्रवार, २० मार्च, सकाळी नऊच्या आत, माझ्या पत्रपेटीत.